वाघांसाठी पुण्यातून पैसे द्यायचे, तर नेमके कुठे?

कर्वेरस्ता (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली. त्यानिमित्त जमलेल्या पैशांतून हॉटेल आणि स्मृतिचिन्हांचा खर्च आटोपता घेऊन उरलेली रक्कम वाघांच्या संवर्धनाला द्यायचं ठरलंय. सहा लाखांच्या आसपास होतील. शिवाय बरेच जण पुढची तीन-चार वर्षं थोडी थोडी भर घालायला तयार आहेत, म्हणजे एकदा चेक दिला आणि विसरून गेलो असं करायचं नाहीये.

ग्रुपवर आत्तापर्यंत तीन सूचना आल्या. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला वाघ वर्षभरासाठी दत्तक घ्यावा. ताडोब्याला ट्रॅप कॅमेरे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे) घेऊन द्यावेत. नाहीतर सरळ एखाद्या मोठ्या राष्ट्रीय संस्थेला द्यावेत, कुठे वापरायचे ते त्यांना कळतं.

पहिल्या सूचनेबद्दल माझं मत पक्कं आहे. दत्तक योजनेतून पिंजऱ्यातल्या प्राण्याचं खाणंपिणं, औषधपाणी भागतं. ते काम चांगलंच आहे, पण आम्हाला रानातल्या वाघासाठी द्यायचंय. बाकी दोन्हींबद्दल मन ठरत नाहीये. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरात नऊ राखीव क्षेत्रं होती, त्यात आपलं मेळघाट होतं. आज एकट्या महाराष्ट्रात सहा आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. राज्यातले वाघ 2006 च्या गणनेत 103 होते, 2022 मध्ये 444. सरकारी यंत्रणेनं आणि सरकारी पैशानं काम केलंय हे यातून दिसतंच. मग आमचे सहा लाख या सगळ्यात कुठे कामी येतील? सरकारचा पैसा जिथे पोचत नाही किंवा वेळेवर पोचत नाही, अशी जागा कोणती? ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पेठेतला_हिशेबनीस

मी सीए आहे, काही पर्यावरण संस्थांचे हिशेब तपासतो. त्यामुळे वाघापेक्षा पैशाच्या वाटेबद्दल लिहितो.

व्याघ्र प्रकल्पाचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून देतात. इमारती, वाहनं अशा एकदाच्या खर्चात आपल्यासारख्या राज्याला केंद्राकडून 60 टक्के मिळतात, 40 राज्याचे. रोजंदारी, डिझेल, देखभाल अशा दरवर्षीच्या खर्चात निम्मे-निम्मे. आधीच्या रकमेचं उपयोगिता प्रमाणपत्र गेलं की पुढचा हप्ता सुटतो. हप्ता लांबला की पहिला फटका दरवर्षीच्या खर्चाला बसतो. बांधलेली कुटी जागेवर राहते, रोजंदारीवरचा माणूस मात्र दुसरं काम शोधतो.

दुसरी वाट प्रतिष्ठानांची. 2006 च्या दुरुस्तीनं वन्यजीव कायद्यात कलम 38-एक्स आलं आणि प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचं व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान मिळालं. पर्यटनाचं गेट शुल्क तिथे जमा होतं, देणगीही घेता येते, आणि तो पैसा मुंबईच्या तिजोरीत न जाता त्याच जंगलासाठी वापरता येतो. ही रचना मला मनापासून आवडते. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. ताडोब्याच्या गेटवर गर्दी असते, सह्याद्रीच्या गेटवर नसते. तोच एक रुपया दोन ठिकाणी सारखा मोलाचा नाही. आणि जिथे पैसा जास्त, तिथे देखरेखही तितकीच कडक लागते. ताडोब्याच्या ऑनलाइन बुकिंगचं काम ज्या कंत्राटदारांकडे होतं, त्यांनी बारा कोटींहून जास्त रक्कम प्रतिष्ठानाकडे भरलीच नाही, अशी तक्रार होऊन 2023 मध्ये चंद्रपूरला गुन्हा नोंदला गेला. म्हणून प्रतिष्ठानाला देऊ नका असं मी म्हणत नाही. द्या, पण कामाचं नाव लिहून द्या आणि वर्षाअखेर हिशेब मागा.

बाकी नेहमीचं : संस्थेला दिलेल्या देणगीवरची आयकर सवलत (80जी म्हणतात ती) चालू आहे का, पावतीसोबत आयकरासाठीचं देणगी-प्रमाणपत्र देतात का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब वेळेवर भरलेत का. 2,000 रुपयांच्या वर रोख दिलंत तर सवलत मिळत नाही. आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही सवलत मिळतच नाही, हे बॅचमधल्या नोकरदारांना आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन सुरू होतील.

कोलकास

कॅमेऱ्यांच्या सूचनेबद्दल थोडं. मी मेळघाटात एका संस्थेबरोबर काही वर्षं काम केलंय, आता पुण्यात असतो.

कॅमेरा ही सगळ्यांना द्यावीशी वाटणारी वस्तू आहे, कारण वस्तू दिसते आणि तिच्यातून वाघाचा फोटोही येतो. गणनेला कॅमेरे लागतात यात वाद नाही. 2018 च्या गणनेत देशभरात 26,838 जागी कॅमेरे लावले होते, त्यांनी सुमारे 3 कोटी 48 लाख फोटो काढले, आणि त्यातले वाघाचे होते 76,651. बाकी सगळं गवत, चितळ, गुरं, माणसं. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून एकेका जागी समोरासमोर दोन कॅमेरे लावावे लागतात. ते पाठीवर वाहून न्यायचे, दर काही दिवसांनी बॅटऱ्या आणि कार्डं बदलायची, मग फोटो निवडायचे. हे सगळं माणसं करतात. कॅमेरा घेऊन देणारे पुष्कळ असतात, चौथ्या वर्षीच्या बॅटऱ्या देणारा विरळा.

आता त्या माणसांबद्दल. संरक्षण कुटीवर वनरक्षक आणि दोन-तीन वनमजूर राहतात. सकाळी पायी गस्त, मोबाईलवरच्या एम-स्ट्राइप्स अ‍ॅपमध्ये प्रत्येक पावलाची नोंद, मग पाणवठा बघायचा, फासे शोधायचे. उन्हाळ्यात वणवा. जानेवारी-फेब्रुवारीत जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) साफ केल्या नाहीत तर मेमध्ये डोंगरच्या डोंगर जातो, आणि नेमकं या साफसफाईच्या वेळीच आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं. यातले बहुतेक मजूर कोरकू आदिवासी आहेत, जवळच्याच गावातले. त्यांच्याइतकं ते रान कुणालाच कळत नाही आणि त्यांच्याइतका कमी भरवशाचा पगार कुणाचा नाही.

20 नोव्हेंबर 2021 ला ताडोब्यात गणनेच्या पूर्वतयारीत पायी चालत खुणा शोधणारी एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. बरोबर तीन मजूर होते. आपण 444 हा आकडा अभिमानानं सांगतो, तो अशा पायांनी मोजलेला आहे. मजुरांचा अपघात विमा, वर्षातून एकदा नीट आरोग्य तपासणी, चांगले बूट, मच्छरदाण्या, सर्पदंशानंतर पहिल्या तासात गाडी मिळेल अशी सोय. सहा लाखांत यातलं खरोखर बरंच बसतं.

डेक्कनवरून

वाचतेय. कोलकास, फार चांगलं लिहिलंत.

रोखठोक

मला पटत नाही. आपण कर भरतो, सफारीला गेलं की भरपूर शुल्क भरतो. मजुराला विमा देणं हे सरकारचं काम आहे. ते आपण करत राहिलो तर सरकार कधीच करणार नाही.

कोलकास

रोखठोक, तुमचं म्हणणं मूळात बरोबर आहे आणि ते सरकारला लावून धरायलाच हवं. पण विमा नसलेला माणूस आज संध्याकाळी गस्तीला जाणार आहे. मी पाहिलंय ते असं, की एखाद्या परिक्षेत्रात संस्थेनं दोन वर्षं काही नीट चालवून दाखवलं की पुढे ते विभागाच्या आराखड्यात जातं. दोन्ही बाजूंनी ढकलावं लागतं.

मूलची_लेक

ताई-दादांनो, मी चंद्रपूर जिल्ह्यातली, मूल तालुक्यातली. वाकडला नोकरी करते. सगळे ताडोबा-मेळघाट बोलून ऱ्हायले म्हणून लिहिते.

देशातले साधारण 30 टक्के वाघ व्याघ्र प्रकल्पांच्या बाहेर आहेत. आमच्याकडे ते रोज दिसतं. ब्रह्मपुरी वनविभाग हा व्याघ्र प्रकल्प नाही. तिथे कोअर (गाभा) नाही, बफर (त्याभोवतीचा पट्टा) नाही, 38-एक्सचं प्रतिष्ठान नाही. आहे ते धानाची शेतं, मामा (माजी मालगुजारी) तलाव, मध्ये मध्ये जंगलाचे तुकडे, आणि त्या तुकड्यांत भरपूर वाघ. व्याघ्र प्रकल्पाचा जो निधी हिशेबनीस काकांनी सांगितला तो प्रकल्पांसाठी असतो. ताडोब्याची वेस ओलांडून वाघ इकडे आला की वाघ तोच राहतो, पण त्याच्यामागचा पैसा वेशीवरच थांबतो.

आणि माणसं मरतात. 10 मे 2025 ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या महिन्यात जिल्ह्यात आणखीही मृत्यू झाले. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं आणि मेमध्ये तेंदूपत्ता, हा आमच्याकडे बायांच्या हातात रोख पैसा येण्याचा काळ. पहाटे अंधारातच जावं लागतं, कारण उन्हं चढली की काम होत नाही. तेंदूची पानं खाली वाकून तोडतात. वाकलेलं माणूस वाघाला माणसासारखं दिसत नाही. हे आमच्या गावात लहान मुलालाही ठाऊक आहे, तरी बाया जातात, कारण शाळेची फी आणि धानाची पेरणी त्याच पैशावर असते.

मृत्यू झाला तर राज्य सरकार 25 लाख देतं. पण त्यातली बरीचशी रक्कम मुदत ठेवीत जाते. योग्यच आहे ते, नाहीतर चार नातेवाईक संपवून टाकतील. तरी पहिल्या महिन्याचं काय? कर्त्या बाईच्या मागे घरात लहान पोरं असतात.

गुराचं वेगळंच. गाय मारली की 48 तासांत कळवायचं, मढं हलवायचं नाही, पंचनामा झाला की प्रकरण पुढे जातं आणि पैसे यथावकाश येतात. दूध मात्र दुसऱ्या दिवशीपासून बंद होतं. त्या मधल्या दिवसांत कुणी रागानं मढ्यावर विष टाकलं तर वाघीण आणि पिल्लं सगळीच जातात. जानेवारी 2021 मध्ये नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात हेच झालं. तिकडे उत्तराखंडात कॉर्बेटच्या बाजूला संस्था गाय मारल्याबरोबर तातडीची मदत हातात देतात, सरकारी भरपाई नंतर येते ती येते. असं काही आमच्या दहा गावांत तुमच्या सहा लाखांतून उभं राहिलं, तर त्यातून जितके वाघ वाचतील तितके कॅमेऱ्यांनी वाचणार नाहीत. मला हे फार मनापासून वाटतं.

मग प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत. पीआरटी म्हणतात. गावातली पोरं. शेतात वाघ बसला की दोन-तीनशे लोक मोबाईल घेऊन जमतात, वाघ बिथरतो आणि कुणाला तरी फाडतो. ही पोरं गर्दीला मागे ठेवतात आणि विभागाची गाडी येईपर्यंत जागा धरून ठेवतात. त्यांच्याकडे टॉर्च असतो तर जाकीट नसतं, जाकीट असतं तर मानधन थकलेलं असतं.

कर्वेरस्ता (धागाकर्ता)

मूलची_लेक, तुमच्या या प्रतिसादासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. प्रकल्पाबाहेरच्या वाघांचा मुद्दा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात नव्हता. ग्रुपवर तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा टाकला आहे.

एक विचारतो. सौर कुंपण आणि गॅसचं काय? डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून ते मिळतं असं वाचलं.

मूलची_लेक

मिळतं. कुंपणाला अनुदान आहे, पण शेतकऱ्याला स्वतःचा वाटा भरावा लागतो. ज्याच्याकडे तो नसतो, तो रानडुकरांसाठी तारेत थेट वीज सोडतो. त्यात डुकरं मरतात, वाघ मरतात, कधी शेजारी मरतो. म्हणून गरीब शेतकऱ्याचा तेवढा वाटा कुणी भरला तर मागचं मोठं अनुदान मोकळं होतं. तुमच्या थोड्या पैशातून सरकारचा जास्त पैसा हलतो. गॅसचं असं, की सिलिंडर आले, पण दुसऱ्यांदा भरायला पैसे नसले की बाई पुन्हा सरपणाला जंगलात. नुसती शेगडी वाटून काही होत नाही.

हिंजवडीकर

आमच्या कंपनीच्या सीएसआर (सामाजिक कामांवरचा खर्च ठरवणाऱ्या) समितीवर मी आहे, म्हणून थोडी दुसरी बाजू. 2013 च्या कंपनी कायद्याच्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायचे असतात, आणि वन्यजीवांचं रक्षण त्या कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये स्पष्ट आहे. पुण्यात हा पैसा कमी नाही. पण तो शाळा, शौचालयं आणि वृक्षारोपणात जातो, कारण तिथे मार्चपर्यंत खर्च दाखवता येतो. वाघांचं म्हणून काही आलं तरी गाडी किंवा कॅमेरा. गाडीवर आमचं नाव लिहिता येतं. थकलेल्या मानधनावर नाव कुठे लिहिणार, असा प्रश्न बैठकीत खरोखर येतो. मी तीन वर्षांचा प्रस्ताव मांडून पाहिला, एक वर्षाचा मंजूर झाला.

म्हणून कर्वेरस्ता, तुमच्यासारख्या गटाच्या पैशाचं मोल रकमेपेक्षा मोकळेपणात आहे. तुम्हाला मार्चची घाई नाही, नाव लावायचं नाही. जिथे आम्हाला जाता येत नाही तिथे तुम्ही जा. आणि तुमचं दोन वर्षं नीट चाललं, तर तो अहवाल मला द्या. तो घेऊन मी समितीपुढे पुन्हा उभा राहीन.

शिरूरची_सून

सगळं वाचलं. एक मनातलं विचारते, राग मानू नका. शिरूर, जुन्नर, आंबेगाव, खेड इथे उसात बिबटे आहेत. आमची पोरं संध्याकाळी अंगणात खेळत नाहीत. पुण्यापासून दीड तासावर हे चाललंय आणि पुण्यातली माणसं साडेसातशे किलोमीटरवरच्या वाघाला पैसे देतात. आमच्याकडे का बघत नाही कुणी?

मूलची_लेक

ताई, राग कशाला. तुमच्या आणि आमच्या अंगणात काय फरक आहे? मला तर वाटते, ब्रह्मपुरीच्या पीआरटीची पोरं आणि तुमच्याकडची पोरं एकदा एकत्र बसली पाहिजेत.

पेठेतला_हिशेबनीस

शिरूरच्या ताई, बरोबर बोललात. बिबट्यांसाठी व्याघ्र प्रकल्पासारखा वेगळा वाहता निधी नाही, आणि जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट्यांचं निवारा केंद्र किती म्हणून घेणार. धागाकर्त्यांचा संकल्प वाघांचा आहे, तो त्यांनी पाळावा. पण यावर स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

वनदुर्ग

सगळे गावांच्या आजूबाजूलाच फिरताय. वाघाला खरं हवंय ते निर्मनुष्य जंगल. गाभ्यातल्या गावांचं पुनर्वसन हा सगळ्यात मोठा उपाय आहे. मेळघाटात जिथून गावं उठली तिथे कुरणं झाली, चितळ-सांबर आले, मागोमाग वाघ आले. 2021 पासून कुटुंबामागे 10 ऐवजी 15 लाख मिळतात. त्यात भर घाला.

कोलकास

कुरणांचं खरं आहे, मी ती पाहिली आहेत. पण तुमची सूचना मला मान्य नाही. एक म्हणजे रकमेच्या मानानं सहा लाख म्हणजे अर्धं कुटुंबसुद्धा नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. पुनर्वसन ऐच्छिक असलं पाहिजे, 2006 च्या वनहक्क कायद्यानं ग्रामसभेची संमती लागते, आणि बाहेरच्या देणगीदारानं त्या निर्णयात पैशाचं वजन टाकू नये. जानेवारी 2019 मध्ये मेळघाटातली उठलेली काही गावं परत जंगलात आली आणि कर्मचाऱ्यांशी मोठा संघर्ष झाला. दोन्हीकडचे जखमी झाले. त्यामागे नव्या जागी जमीन, पाणी, दवाखाना, रोजगार यांच्या तक्रारी होत्या.

पुनर्वसनात काही करायचंच असेल तर आधीच उठून गेलेल्या गावांत करा. पंधरा लाख मिळालेलं कुटुंब दोन वर्षांत रिकाम्या हातानं बसलेलं मी पाहिलंय, कारण डोंगरउतारावर शेती केलेल्या माणसाला सपाटीवरची शेती, बँक, दलाल यातलं काही माहीत नव्हतं. तिथे एखादा शेतीतला जाणकार दोन वर्षं नेमणं हे वाघाचंच काम आहे. त्या गावाची परवड झाली तर पुढचं कुठलंही गाव हलणार नाही, आणि हलू नये.

वनदुर्ग

उठलेल्या गावांचा मुद्दा पटला. बाकीवर मतभेद कायम.

वारणाकाठ

पुण्याचा धागा आणि सह्याद्रीचं नाव इतक्या उशिरा? कोयना आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पुण्याहून सगळ्यात जवळचा. वर्षानुवर्षं तिथे वाघ म्हणजे कॅमेऱ्यात क्वचित आलेली एखादी नोंद, एवढंच होतं. नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोब्यातून वाघीण आणून चांदोलीत सोडली. आता खरं काम सुरू झालंय. वाघीण आणणं ही सुरुवात, तिला भक्ष्य हवं, आणि पिल्लांना दक्षिणेकडे राधानगरी, तिलारी, पुढे गोवा-कर्नाटकाकडे जाता-येता यायला हवं.

आणि हे मला पुणेकरांशीच बोलायचंय. पुण्याचा पैसा सह्याद्रीत आधीच जातोय, प्लॉटच्या रूपानं. घाटमाथ्यावर, धरणांच्या काठावर जी जमीन एन.ए. (बिगरशेती) होतेय, सपाट होतेय, तिचे घेणारे पुण्या-मुंबईचे आहेत. वाघाचा जाण्यायेण्याचा रस्ता नकाशावर जाड पट्टा दिसतो, प्रत्यक्षात तो दोन डोंगरांमधली एखादी खिंड असते. तिथे चार फार्महाऊसं, दिवे आणि कुंपण आलं की संपला. तुमच्या बॅचमधल्यांना विचारा, कुणाकुणाची तिथे गुंतवणूक आहे. एकानं प्लॉट घेतला नाही तर ती देणगी सहा लाखांपेक्षा मोठी आहे.

उलटंही करता येतं. उमरेड-कऱ्हांडल्याशेजारी गोठणगावात शेतकऱ्यांनी जंगलालगतची न परवडणारी शेतं एकत्र करून मोकळी सोडली, तिथे रान वाढू दिलं आणि उत्पन्नासाठी पाहुण्यांची सोय चालवली. जमीन त्यांचीच राहिली. चांदोलीच्या बाहेर असं का होऊ नये?

कर्वेरस्ता (धागाकर्ता)

वारणाकाठ, प्लॉटचा मुद्दा ग्रुपवर मांडला. दोघांचे तिकडे प्लॉट आहेत. त्यावर बोलणं सुरू झालंय, आणि ते होणं गरजेचं होतं.

कोलकास

भ्रमणमार्गांच्या बाबतीत एक उदाहरण नोंदवून ठेवतो. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 पेंचच्या जंगलातून जातो. रुंदीकरणाविरुद्ध लोक न्यायालयात वर्षानुवर्षं लढले, तेव्हा कुठे आपल्या बाजूच्या पट्ट्यात प्राण्यांसाठी भुयारी मार्ग आणि पूल धरून नऊ जागा ठेवल्या गेल्या. एक तर 750 मीटर लांब आहे. 2019 मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेनं खाली कॅमेरे लावले तेव्हा अकरा वेगवेगळ्या वाघांनी मिळून 89 वेळा तिथून रस्ता ओलांडलेला दिसला. तो पैसा महामार्गाच्या खर्चातून आला, देणगीतून नाही. पण ज्यांनी याचिका केल्या, अभ्यास मांडले, नागपुरात तारखांना हजर राहिले, त्यांचा खर्च कुणीतरी केलाच असणार. देणगीच्या जगात या कामाला सगळ्यात कमी पैसा मिळतो.

आणि वाघ चालतातच. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ 2019 मध्ये तीन हजार किलोमीटरहून जास्त फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, गळ्यात कॉलर होती म्हणून कळलं. टिपेश्वरचाच दुसरा एक 2024 च्या डिसेंबरात धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात दिसला आणि पुढे बार्शी तालुक्यापर्यंत फिरला. तिथल्या शेतकऱ्यानं आयुष्यात वाघ पाहिलेला नव्हता. पंचनामा, भरपाई, गर्दी आवरणं, सगळंच नवीन. बार्शी पुण्यापासून फार लांब नाही.

अटलांटाहून

मी त्याच बॅचचा आहे. आम्ही इथले दहा-बारा जण रक्कम जवळजवळ दुप्पट करू शकतो. सरळ भारतातल्या संस्थेला पाठवली तर चालेल का?

पेठेतला_हिशेबनीस

पासपोर्टवर अवलंबून आहे. तुमचं नागरिकत्व अजून भारतीय असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणार असाल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. पण अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी, ती विदेशी देणगी. ती फक्त एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी असलेली संस्थाच घेऊ शकते, आणि तीसुद्धा स्टेट बँकेच्या दिल्लीच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच. 2020 च्या दुरुस्तीनंतर अशी रक्कम एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेला देऊन "तुम्ही ब्रह्मपुरीच्या छोट्या संस्थेला द्या" हे चालणार नाही. तुमच्यातले दोन गट करा. आणि मित्राच्या खात्यावर पाठवून त्यानं भरायचं, हे अजिबात करू नका. छोट्या संस्थेची नोंदणी त्यात जाऊ शकते.

अटलांटाहून

आभारी आहे. यादी करून कळवतो.

कर्वेरस्ता (धागाकर्ता)

काल रात्री आमची ऑनलाइन बैठक झाली. जे ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

कॅमेरे नाहीत, दत्तक वाघ नाही. रकमेचा मोठा भाग ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या काही गावांसाठी, तीन वर्षं. त्यात जनावर मारल्यावर लगेच द्यायची मदत, आणि ज्यांना परवडत नाही अशा शेतकऱ्यांचा सौर कुंपणातला वाटा. उरलेला भाग मेळघाटातल्या एका परिक्षेत्रातल्या वनमजुरांच्या अपघात विम्यासाठी आणि आरोग्य तपासणीसाठी. सह्याद्रीवर एकमत झालं नाही. काहींना तिथलं काम आपल्या सगळ्यात जवळचं वाटतं, काहींना ते सहा लाखांत तुकड्यातुकड्यानं होईल असं वाटतं. पुढच्या वर्षीची भर तिकडे वळवायची का, यावर वारणाकाठ यांच्याशी सविस्तर बोलणार आहे.

संस्था अजून ठरलेली नाही. चार नावं समोर आहेत. नाव इथे उघड लिहीत नाही, आधी हिशेब आणि माणसं पाहू. मूलची_लेक, गावं निवडताना तुमची मदत लागेल. संपर्कातून निरोप पाठवला आहे.

मूलची_लेक

निरोप पाहिला. मी आणि माझा भाऊ दोघंही मदत करू. दोन गोष्टी. तातडीची मदत कुणाला द्यायची हे पुण्यात ठरवू नका. गावातली समिती आणि बीटचा (त्या हद्दीचा) वनरक्षक, दोघांची सही असू द्या, म्हणजे खोटी प्रकरणं होत नाहीत आणि पंचनामाही त्याच वेळी होतो. आणि पैसे मार्चच्या आधी गावात पोचले पाहिजेत. मोहफुलं सुरू झाली की कुणाला बैठकीला वेळ नसतो आणि नेमकं तेव्हाच सगळं घडतं.

हिंजवडीकर

पहिल्या दिवसापासून नोंदी ठेवा : किती प्रकरणं, किती तासांत मदत पोचली, नंतर सरकारी भरपाई कधी आली. मला समितीपुढे हेच लागेल.

पेठेतला_हिशेबनीस

संस्थेबरोबर पानभर का होईना, लेखी करार करा. काम, गावं, हप्ते, आणि पैसे उरले तर काय करायचं, एवढं त्यात असू द्या. आणि कृपा करून एक मान्य करा : हे काम चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला त्यातलाच काही भाग जाईल. "आमचा सगळा पैसा थेट वाघालाच गेला पाहिजे" असा हट्ट धरलात, तर बीटवर सही घ्यायला जाणारा पोरगा तिसऱ्या महिन्यात सोडून जाईल. मसुदा मी करून देतो, फी नको. शनिवारी पाचनंतर ऑफिसात असतो.